वरच्या खोलीचा मालक

माझ्या दहा गोष्टींतल्या नऊ थापा असतात, हे माझी बायको कमरुन्निसा मोहल्ल्यात स्वतःच सांगत फिरते. असू द्या. ही दहावी.

गुरुवार म्हणजे आमच्या चाकण पट्ट्याची सुट्टी. वीज जाते, कारखान्यांतल्या प्रेसचे दणके थांबतात, आणि एरवी त्या दणक्यांखाली दबलेलं सगळं हळूहळू वर येतं. पत्रा तापून तडकतो. कूलंटचा आंबूस वास नाकात बसतो. बाकीच्यांची सुट्टी तो माझ्या धंद्याचा दिवस, कारण मी जनरेटरवाला. त्या गुरुवारी भरदुपारी स्वरूपाचा फोन आला. राजगुरुनगरच्या रस्त्याला आत एक बिनखिडक्यांची शेड आहे, तिथली ती इंजिनिअर.

"बरकतचाचा, जनरेटर बंद पडलाय. लवकर या. आज वरची सभा आहे."

वरची म्हणजे किती वरची, ते सांगतो. त्या शेडमध्ये माणसाचं मन मशीनवर उतरवून घ्यायचे आणि यानावर चढवायचे. अंग इथं मातीत, मन तिकडं चांदण्यांत. यान केव्हाच निघून गेलेलं. त्यात प्रत्येक मनाला एक खोली. खोली म्हणजे भिंती नव्हेत, मशीनमधली नेमून दिलेली जागा. इथून काही विचारलं की उत्तर यायला एक चहा करून, पिऊन व्हायचा. इतकं ते लांब. आणि इतक्या लांब जाऊन, पोट नाही, पाय नाहीत, अशा त्या माणसांनी पहिलं काम काय केलं असेल? सोसायटी काढली! अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटी. गाड्या नाहीत तरी पार्किंगवरून भांडणं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

त्याच यानात आमच्या दत्तोबाची बायको कुसुमताई होती.

दत्तोबा माझा जुना दोस्त. ती शेड उभी आहे तीच मुळी त्याच्या वावरात. जमिनीच्या बदल्यात कंपनीनं त्याला यानातली एक खोली देऊ केली, आणि तेव्हाच कुसुमताईचं दुखणं हाताबाहेर गेलं. म्हणून तिला चढवलं. खोली कुणाच्या नावावर, असं स्वरूपानं विचारलं तेव्हा दत्तोबा म्हणाला, "कुणाच्या म्हंजे? माज्याच की!" वावर त्याच्या नावावर होतं, थेरगावचं घर त्याच्या नावावर, गॅससुद्धा त्याच्याच. कुसुमताईनं खोकत खोकत मान हलवली. साक्षीदार मी होतो. यात वेगळं काही घडतंय असं कुणालाच वाटलं नाही.

मी पोचलो तेव्हा दत्तोबा स्पीकरसमोर स्टुलावर बसलेला. आत काळोख, जळक्या वायरचा वास. जनरेटर धापा टाकत सुरू झाला, एक दिवा पिवळा पेटला आणि स्पीकर खरखरला.

"अहो... जेवलात का?"

कुसुमताई. तिच्या आवाजामागं बांगड्या किणकिणत होत्या. हात नसलेल्या बाईच्या बांगड्या. स्वरूपा म्हणायची, त्या आठवणी वाजतात.

"जेवलो. तू कशी हायस?"

आम्ही चहा ओतला. प्यालो. मग उत्तर आलं.

"माझं काय... मी आपली कोपऱ्यात. पण हे लोक म्हणतात, खोली सोडा. अहो, कुठं जाऊ? इथं बाहेर काही नाहीच... रस्तासुद्धा नाही."

तिच्या मागोमाग अध्यक्षांचा आवाज आला, पान लावत बसलेल्या माणसासारखा निवांत. "सदर खोलीचे मालक गैरहजर आहेत. राहणाऱ्या बाई सभासद नाहीत, त्यांना मत नाही. मालक आजच्या सभेत हजर झाले नाहीत, तर खोली सामायिक वापरासाठी घेण्यात येईल."

दत्तोबा ताडकन उठून स्वरूपाकडं वळला. "आत्ताच्या आत्ता तिच्या नावावर कर खोली!"

"काका, ते मालकानं सभेत हजर राहूनच करायचं, असा नियम त्यांनी केलाय. त्यांच्यावर आमचं काही चालत नाही आता."

"मग मला चढीव. माजं मन जाऊ दे तिकडं."

"एका खोलीत एकच मन मावतं, काका."

दत्तोबा हसला. "पोरी, लगीन करून पिंपरीत आलो तवा दहा बाय दहात आमी सहा जण व्हतो. कुसुम म्हनायची, सरका वाईच. सरकलं की व्हती जागा."

"ही जागा तशी नाही हो..."

"मालक गेल्याबिगर तिला हाकलतील का न्हाई, तेवढं सांग."

स्वरूपानं मन उतरवून घ्यायचा टोप काढला. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"साक्षीदार लागंल," दत्तोबा माझ्याकडं बघून म्हणाला. "बरकत हाय की." टोप त्याच्या डोक्यावर चढला. माझ्या नाही, अल्लाकसम. मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो.

माणूस इथंच राहतो, जाते ती मनाची नक्कल. दत्तोबा खुर्चीतून उतरला, घाम पुसला, स्टुलावर जाऊन बसला. पुन्हा चहा. या वेळी कुणी प्यायलं नाही, त्याच्यावर साय धरली.

"खोलीमालक?" अध्यक्षांनी पुकारलं.

"हजर!"

दत्तोबाचाच आवाज, चांदण्यांतून आलेला. इथल्या दत्तोबानं माझा हात गच्च धरला. स्पीकरला तोंड लावून म्हणाला, "शाबास गड्या! कुसुमला म्हनावं, भ्यायचं न्हाई आता. दोघांपुरती जागा झाली का रं?"

आम्ही वाट बघितली. पत्रा तडकत होता.

"झाली की, ऐसपैस झाली." वरचा दत्तोबा खुशीत होता. "खोलीत बी, माज्या मनात बी कुनाच्या तरी बांगड्या वाजत व्हत्या. लई दाटी व्हत व्हती. कमिटीनं काढून टाकल्या."

त्याच्या आवाजामागं काहीच वाजत नव्हतं.

"आरं, कुसुमच्या त्या!" दत्तोबा ओरडला. "आपल्या कुसुमच्या!"

पुन्हा तेवढाच वेळ. माणूस स्वतःच्याच उत्तराची वाट बघत बसलाय, असं कधी पाहिलंय तुम्ही?

"कोन कुसुम?"

आता दत्तोबा दर गुरुवारी शेडमध्ये जाऊन बसतो. ती कशी हसायची, भाकरी थापताना काय पुटपुटायची, सगळं स्वतःलाच सांगतो. वरचा दत्तोबा ऐकून घेतो आणि म्हणतो, "चांगली बाई दिसती. कोनाची?"

त्या सभेच्या दिवशी मी जनरेटर बंद करायला उठलो, तेव्हा अध्यक्षांची हजेरी चालूच होती.

"साक्षीदार?"

"हजर..."

तो वरून आलेला आवाज माझा होता. मी तोंड उघडलं नव्हतं.

तेव्हापासून कमरुन्निसा आतून हाक मारते. मला ती लगेच ऐकू येते. पण माझी ओ येत नाही... चहा उकळतो, गाळला जातो, कपात गार होतो, तेव्हा कुठं ती माझ्या तोंडातून बाहेर पडते. कमरुन्निसा म्हणते, या वयात काय थेरं करता? मी हसतो. एक गोष्ट मात्र तिला अजून सांगितलेली नाही.

यान पुढं चाललंय. आणि दर गुरुवारी माझी ओ आणखी थोडी उशिरा येते.