पत्र्याखालची खाट

“माझ्या अंगाला हात लावू नको.” सुमनबाईंनी सुनेच्या हातातला टॉवेल हिसकावून खाली टाकला आणि शेजारच्या खाटांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “नातवाच्या क्लाससाठी समदे लातूरला आलो, अन् त्याच्याच अभ्यासाला खोली पायजे म्हणून हिनं मला इथं आणून टाकलं. आता पगार घेऊन सेवा करायलीय.”

पंचशीलाला वाटलं, तडक घर गाठावं. किती म्हणून ऐकायचं? सासूजवळ राहता यावं म्हणून तिनं याच वृद्धाश्रमात सेविकेची नोकरी धरली, माहेरच्यांचे टोमणे सोसले... आणि त्या माउलीच्या लेखी ती अजून वैरीणच.

मुनीब डॉक्टर दर मंगळवारी तपासायला येत. आज ते व्हरांड्यात शिरले तोच व्यवस्थापक अमृतराव म्हणाले, “साहेब, पत्र्याखाली नुसती भट्टी झालीय. या खाटा नव्या स्लॅबच्या इमारतीत नेतो. तुमचा होकार पाहिजे.”

डॉक्टरांनी सुमनबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब बराच चढला होता. “जाताय ना मावशी तिकडं? कूलर आहे.”

“जाते की. मला काय धाड भरली?” त्या म्हणाल्या, पण खाटेची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ते पंचशीलानं पाहिलं आणि इतके दिवस आवळून धरलेला तिचा जीव एकदम उसळला.

“न्हाई जाणार त्या. भूकंपात घरावरचं माळवद बसलं, त्यांच्या पोटच्या दोन लेकी त्याखाली गेल्या, तवापासून स्लॅबखाली डोळा लागत न्हाई त्यांचा. आम्ही झोपलो की जिना उतरून रस्त्यावर जाऊन बसायच्या. पत्र्याची जागा मिळावी म्हणून मी सारं लातूर पालथं घातलंय डॉक्टर.”

सुमनबाई सुनेकडं वळल्या. “तुला कवापासून ठाव?”

“लातुरात आलो त्या पहिल्या रातीपासून.”

“मग खोली पायजे म्हणून का सांगितलंस गं?”

“मग काय सांगू, आत्याबाई? सासू भिते म्हणून भावकीत सांगत फिरू? तुम्ही कधी कुणापुढं भ्याल्याचं कबूल केलंत?”

मग डॉक्टर अमृतरावांकडे वळले. “ही खाट इथंच राहील. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, कडेला ओले पडदे लावा. अन् इथल्या सेविकांना कधी कुणी तपासलंय? येत्या मंगळवारी आधी त्या, मग बाकीचे.”

“मंगळवार कशाला?” सुमनबाई म्हणाल्या. “हिला आत्ताच बघा. माझ्यापायी वाळून काटकी झाली पोर...” आणि पाय आखडून घेत त्यांनी खाटेवर जागा केली. “बस इथं.”

पंचशीला बसली. सुमनबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

“सोडा आता,” ती डोळे पुसत वैतागून म्हणाली, “डॉक्टरांना पट्टा बांधायचाय.”

सुमनबाईंनी हात सोडला नाही. डॉक्टरांनी पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला.