एकेका टाक्याला गाठ

ठेवा बघू विश्वास, मेल्यांनो! नाही ठेवणार? मग घाबरायचंही नाही. लागली पैज.

प्लेगाच्या आदल्या सालची गोष्ट. कल्याणात श्रीपाद डॉक्टरांच्या हाताखाली दौलत होता, माझ्या आतेचा जावई. डॉक्टर पोट फाडायचे, आतला गोळा काढायचे. पोट शिवायचा दौलत. डॉक्टर बजावायचे, "टाके सुटे घाल रे. एकेकाला आपली गाठ. एक तुटला तर बाकीचे धरून ठेवतात."

पण त्या दिवशी दौलतला मेहुणीच्या हळदीला ठाण्याची गाडी गाठायची होती. मिठागरातल्या गंगूचं पोट त्यानं मिठाची गोणी शिवावी तसं एकाच दोऱ्यानं सरसर शिवलं नि पळाला.

तिसऱ्या दिवशी गंगू खोकली. दोरा एका जागी तुटला आणि अख्खी शिवण उसवली. गेली बिचारी.

"कसं झालं रे?" डॉक्टरांनी दौलतला विचारलं.

"उठली साहेब. हंडा उचलला. सांगून ऐकते थोडीच!"

तिचा नवरा धाकू दारातच होता. "स्वतःच्या हट्टानं मेली रांड," म्हणाला, आणि दिवससुद्धा घातले नाहीत तिचे.

मग आली पौषातली अवस. दुसऱ्या दिवशीसाठी टाक्यांचं रेशीम उकळायला दौलत रात्री दवाखान्यात गेला. नऊ वाजले असतील. चुलीवर भांडं, शेजारी चिमणी. जांभया देत त्यानं चिमट्यानं दोरा उचलला.

दोरा लांब आला. अजून लांब. रेशीम पांढरं टाकलेलं... हे काळं.

केस होता. बाईचा.

मागे कोणीतरी खोकलं.

"क... कोण?"

...

"हंडा मी उचलला, दौलत?"

दौलत दाराकडे सरकला.

"खरं सांगशील साहेबांना?"

गप्प. नोकरी जाईल ना!

"नाही बोलायचं? बरं... नको बोलू."

चिमणी विझली.

सकाळी डॉक्टर आले. दौलत टेबलावर उताणा. डोळे सताड. ओठ शिवलेले. सात टाके, काळ्या केसाचे. सगळे सुटे. एकेकाला गाठ.

डॉक्टरांनी कात्री लावली. "कुणी शिवलं रे? तुझ्यापेक्षा हात साफ आहे!"

सातवा टाका सुटला तसा दौलत ओरडला, "हंडा नव्हता साहेब! मीच गोणीसारखं शिवलं!"

हे कानावर आलं तसं धाकूनं त्याच दिवशी डोकं भादरलं, खाडीवर पिंड ठेवला, आणि ढसाढसा रडला.

ते सात केस डॉक्टरांनी बाटलीत बूच मारून ठेवलेत. दर अवसेला बाटलीच्या आतून मीठ धरतं. पुसतात. परत धरतं...

अगं वासंती, ओठ काय चाचपतेस? खोटं बोललीस वाटतं आज! जा आता. पळा सगळे.