डावीकडची काच

"आखरी पॅकेट है, साईं. अब आप दोनों देख लो."

उल्हासनगरच्या त्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जुन्या जिप्सीच्या वायपर-रबरांचं एकच पॅकेट उरलं होतं. त्याचं एक टोक माझ्या हातात होतं. दुसऱ्या टोकाला एक अनोळखी हात... बोटांना निळा रंग लागलेला.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. पण पॅकेट काही सोडलं नाही.

"मग सोडा ना!"

तो हसला. कपाळावर पावसाचे थेंब तसेच होते.

तोडगा दुकानदारानेच काढला. आत दोन रबरं, दोन्ही सारखी. एकेक घ्या.

"मला ड्रायव्हरच्या बाजूला बसवायचंय," मी घाईघाईने म्हणाले. मी गुरांची डॉक्टर, हेही सांगून टाकलं. हेंद्रेपाड्यात राहते आणि बारवी धरणाकडच्या पाड्यांवर फिरते. पाऊस लागला की माझ्या समोरची काच नुसती फरकाट्यांनी भरून जायची.

"बरं झालं. मला डावीकडे बसवायचंय."

डावीकडे? स्वतःसमोरची काच सोडून कुणी डावीकडची आधी पुसतं? बायको बसत असेल... उगाचच काहीतरी टोचलं.

दुकानाच्या पत्र्याखाली दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. मी वायपरची दांडी उचलली, ती सुटून आपटली तर काच तडकू नये म्हणून खाली टॉवेल ठेवला आणि माझं रबर बसवलं. वळून पाहिलं तर त्याच्या हातात रबर शेवईसारखं लोंबत होतं.

"डॉक्टर, हे ताठच होत नाही!"

"जुन्या रबरातल्या स्टीलच्या पट्ट्या कुठेत?"

"...कसल्या पट्ट्या?"

जुनं रबर त्याने शेजारच्या चहावाल्याच्या कचऱ्याच्या डब्यात फेकून दिलं होतं. मग आम्ही दोघं बाह्या सरसावून ओल्या कागदी कपांमध्ये हात घालत बसलो. चहावाला बघतच राहिला. शेवटी रबर सापडलं, पट्ट्या काढल्या. त्या नव्या रबरात सरकवताना त्याचं बोट माझ्या बोटावर टेकलं. त्याने ते लगेच उचललं नाही. मीही नाही.

"टोकाची खाच चिमट्यात अडकू द्या... हां. आणि अधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा. कोरड्या काचेवर चालवू नका."

"अजून काही, डॉक्टर?"

"हो. डावीकडे कोण बसतं?" विचारून टाकलं.

"बाबा."

त्याचं नाव भूपेश. कात्रपच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. वडिलांनी याच गाडीतून वर्षानुवर्षं भाजी बाजारात नेली. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला.

"आता स्टिअरिंग माझ्याकडे. पण गाडी तेच चालवतात. खड्डा आला, दाब ब्रेक... सगळं डावीकडून! काच पुसट झाली की गप्प होतात. आणि ते गप्प झाले की मला भीती वाटते."

मी टॉवेल उचलला आणि त्याची डावीकडची काच पुसून काढली.

"नंबर द्याल?" तो म्हणाला. "रबर सुटलं तर..."

"सुटणार नाही. नीट बसलंय."

"तरी?"

मी दिला.

रबर सुटलं नाही, पण फोन आला. त्यांच्या बकरीला ताप होता. मग ताप नसलेल्या बकरीसाठीही फोन येऊ लागले. तिसऱ्या खेपेला ओट्यावर बसलेल्या त्याच्या वडिलांनी मला जवळ बोलावलं. "बाय, बकरीला कायपन झालं नाय. यालाच काय तं झालंय."

भूपेश गोठ्यातून बाहेरच आला नाही. मी मात्र घरी पोचेपर्यंत एकटीच हसत होते.

आणि नेमकी गणपतीनंतर माझी सरकारी नेमणूक आली. जव्हारला. किती वाट पाहिली होती या नोकरीची... आणि आता आनंद पुरता होईना. अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर, पाऊस नुसता भुरभुरत असताना, मी त्याला सांगितलं.

तो बोटावरचा रंग खरवडू लागला.

"जाऊ नको, असं नाही म्हणणार."

"मग काय म्हणशील?"

"शनिवारी शाळा अर्धी असते."

"मग?"

"मग दर शनिवारी निघेन... बाबांना सांगितलं परवा, तू आवडतेस म्हणून. तर म्हणाले, 'मना काय सांगतोस? तिला इचार!'"

"मग विचार ना."

त्याचे कान लाल झाले. "विनिता... माझ्याशी लग्न करशील?"

हो अगदी ओठांवर आलं होतं. पण जव्हार त्याने पाहिलंही नव्हतं, मीसुद्धा नाही.

"आधी तिकडे ये. मी कशी राहते, रात्रीबेरात्री कशी धावते, ते बघ. मग पुन्हा विचार."

"आणि तेव्हा नाही म्हणालीस तर?"

"ये तर खरं!"

मी सोमवारी रुजू झाले. शुक्रवारी दुपारी जेवायला बसणार, तोच कडी वाजली. दारात भूपेश. नखशिखान्त भिजलेला, हातात मिठाईचा चिंब ओला पुडा.

"शनिवारपर्यंत धीर निघेना," तो धापा टाकत म्हणाला. "रजाच टाकली. विनिता, मी—"

"हो," मी म्हणाले.

"अगं, अजून विचारलं कुठे—"

"हो म्हटलं ना! आत ये आधी."