पितृपक्षात घेतलेला पासष्ट इंची टीव्ही

ही घटना शंभर टक्के खरी आहे.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. टीव्हीची कसली आलीय भुताची गोष्ट, असं ऐकणाऱ्या प्रत्येकाला आधी वाटतं. नावंसुद्धा बदललेली नाहीत. संपदाच म्हणाली, "बदलू नका. कळायचं त्यांना कळू दे."

दोन ऑक्टोबर २०२४. गांधी जयंतीची सुट्टी आणि सर्वपित्री अमावास्या एकाच दिवशी आली होती. मीरा रोड, पूनम सागर, तिसरा मजला. संध्याकाळचे सात.

रात्र नव्हती. दिवेही गेले नव्हते. खाली भाजीवाल्याशी कोणीतरी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होतं.

तरीही ते घडलं...

पण त्याआधी संपदाच्या पोटात काय जळत होतं, ते सांगायला हवं.

संपदा घरातली थोरली सून. नवरा कौस्तुभ, मुलगी समिधा, वय वर्षं दहा. धाकटा दीर निकेत आणि त्याची बायको ममता भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कला राहतात. सासूबाई चंद्रावतीबाई संपदाकडेच असायच्या. लालबागची खोली सोडून सगळे इकडे आले, तेव्हापासून.

सासूबाईंना एकच नाद. संध्याकाळी सातची सीरियल. तोंडात लवंग धरायची, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसायचं आणि दर दोन मिनिटांनी विचारायचं, "आता कोण आलं गं?" डोळे अधू झाले होते. बत्तीस इंचाच्या टीव्हीवर त्यांना चेहरे दिसायचे नाहीत.

"जरा मोठा घ्या ना रे," त्या म्हणायच्या.

"बत्तीस पुरे आहे आई. हॉल केवढा आपला!" संपदा म्हणायची.

मग ममताने पंचावन्न इंची घेतला.

सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून जेसल पार्कला गेल्या, त्या आठ महिने राहिल्या. मार्च २०२२ मध्ये तिथेच गेल्या. सोफ्यावर, सीरियल चालू असताना. दिवसकार्य तिथेच झालं, पुढची श्राद्धंही तिथेच. आलेगेले म्हणायचे, "ममताने शेवटपर्यंत केलं हो." थोरल्या सुनेने अकरा वर्षं केलं, त्याचं कोणी नावही काढलं नाही.

हे संपदाने गिळलं. पण २०२४च्या गणपतीत ममताच्या स्वयंपाकघरात मोदक वळताना ममता हळूच म्हणाली,

"ताई, कोणाला सांगू नका हं. आई येतात."

"येतात म्हणजे?"

"रोज सातला. सोफ्याचा डावा कोपरा दबतो. लवंगेचा वास येतो. आधी घाबरले होते मी. आता शेजारी जाऊन बसते. कोण आलं, कोण गेलं, सांगते त्यांना."

दुसरी कोणी असती तर तिच्या हातातला मोदक खाली पडला असता.

संपदाला भीती वाटलीच नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्यावरसुद्धा तिच्याकडेच? अकरा वर्षं पाठीला तेल चोळलं मी, आणि आई जातात कुठे, तर जेसल पार्कला! कशासाठी, तर पंचावन्न इंचासाठी!

त्या दिवसापासून तिने टीव्हीचा अभ्यास सुरू केला. तीन आठवडे यूट्यूबवर रिव्ह्यू. कुठल्या पॅनेलचे रंग चांगले, आवाज किती वॉटचा, एचडीएमआय पोर्ट किती, वॉरंटी एक वर्ष की तीन. बारावीला एवढा अभ्यास केला असता तर बोर्डात आली असती. इतर सगळं तिने तोलूनमापून बघितलं. फक्त एका गोष्टीवर तडजोड नव्हती.

पंचावन्नपेक्षा मोठा हवा.

घटस्थापनेला चार दिवस होते, तेव्हा ती कौस्तुभला ओढत काशीमीऱ्याला घेऊन गेली. हायवेला लागून, ट्रकांच्या रांगेमागे, एक गोडाऊनवजा दुकान होतं. आत शुकशुकाट. भिंतभर टीव्ही चालू आणि बघायला एक माणूस नाही.

"सोफे से दीवार कितनी दूर है, मॅडम?" चंदन नावाच्या सेल्समनने विचारलं.

"साढ़े आठ फूट."

"फिर पचपन बेस्ट रहेगा."

"पचपन नहीं चाहिए!" संपदाचा आवाज इतका चढला की कौस्तुभने इकडेतिकडे बघितलं.

चंदनने मुकाट्याने पासष्ट इंची दाखवला. चित्र छान, आवाज खणखणीत, तीन वर्षांची वॉरंटी. आणि किंमत मोठ्या कंपन्यांच्या पंचावन्नएवढीच.

"इतना सस्ता कैसे?"

"श्राद्ध चल रहे हैं ना मॅडम. पंद्रह दिन कोई नयी चीज़ लेता नहीं. नवरात्र में ये रेट भूल जाओ." मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "बस एक बात है. स्क्रीन ग्लॉसी है. बंद रहेगा तो आईने जैसा दिखेगा. मॅट वाला लोगे तो बारह हज़ार ऊपर."

"बंद रखने के लिए टीव्ही कौन लेता है?" संपदा म्हणाली.

हे वाक्य लक्षात ठेवा.

"अगं, पितृपक्षात नवीन वस्तू नको घरात," कौस्तुभ कुजबुजला. "चार दिवस थांबूया."

"तुझ्या आईसाठीच घेतेय. त्यांच्या पंधरवड्यात नको घेऊ, तर कधी घेऊ?"

आईचं नाव निघाल्यावर कौस्तुभने पाकीट काढलं. तो नेहमीच काढतो.

एक तारखेला टीव्ही भिंतीवर चढला. हॉलची ती भिंत जवळजवळ संपलीच. समिधा टाळ्या पिटत म्हणाली, "ममताकाकीकडच्यापेक्षा मोठा!" संपदाने तिला जवळ घेऊन पापा घेतला.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं करणारं मागे कोणी उरलं नाही, त्या सगळ्यांसाठीचा हा दिवस. सासूबाईंची तिथी ठरलेली होती. ती जेसल पार्कला होऊनही गेली होती. पण संपदाला स्वतःच्या घरी पान वाढायचंच होतं. खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि सासूबाईंच्या आवडीचं वालाचं बिरडं.

कौस्तुभने एक पान खिडकीच्या ग्रिलवर ठेवलं. समोरच्या बिल्डिंगच्या पत्र्यावर कावळे रांगेने बसले होते. सगळ्यांची तोंडं इकडे.

एकही आला नाही...

दुसरं पान संपदाने टीव्हीसमोर, जमिनीवर मांडलं. हात जोडले. सासूचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. आणि मेलेल्या आईला बोलावतेय हे आत नवरा ऐकेल, म्हणून 'आई' अशी हाकही मारली नाही. नुसतं म्हणाली,

"या. आता आमच्याकडेही मोठा आहे. रोज या. जागा भरपूर आहे."

संध्याकाळी सातला तिने सीरियल लावली. कौस्तुभ खाली गेला होता, समिधा आतल्या खोलीत. संपदा सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात श्वास रोखून बसली.

पाच मिनिटं. दहा मिनिटं.

आणि मग...

सोफ्याचा डावा कोपरा हळूच दबला.

संपदाला हुंदका फुटला. आल्या! माझ्याकडे आल्या! डोळे पुसत ती सांगू लागली, "ही धाकटी सून, आई. आता हिचा भाऊ आलाय बघा."

एक गोष्ट तिला खटकली. लवंगेचा वास नव्हता. वेगळाच वास होता, ओलसर, खूप दिवस बंद असलेल्या खोलीसारखा. पण आनंदात माणूस कुठे एवढं मनावर घेतं? तिने घेतलं नाही.

रोज सात वाजता कोपरा दबायचा. रोज संपदाचा ऊर भरून यायचा.

चौथ्या दिवशी सोफ्याची मधली गादीही दबली.

सासूबाई सासऱ्यांना घेऊन आल्या असतील, असं तिने मनाशी ठरवलं. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली होती. जेसल पार्कला ते कधीच आले नव्हते, ममता तसं काही बोलली नव्हती. म्हणजे इथे जास्त आवडलं त्यांना! तिला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू.

सातव्या दिवशी ती चहा आणायला उठली. परत आली तर तिची स्वतःची जागाही दबलेली होती...

ती गुपचूप प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

समिधाने हॉलमध्ये यायचं बंद केलं. "ये ना, कार्टून लावते," संपदा म्हणाली.

"नको. जागा नाहीये," समिधा म्हणाली आणि वहीत डोकं घातलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी संपदाला राहवलं नाही. अडीच वर्षं जे ऐकून घेतलं होतं, ते आज फेडायचं होतं. सव्वासातला तिने ममताला फोन लावला.

"ममता, दसऱ्याच्या शुभेच्छा. आणि एक सांगायचं होतं गं. वाईट वाटून घेऊ नकोस. आई आता आमच्याकडे असतात. रोज सातला. बाबांनाही आणतात."

संपदाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, बोल की. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"ताई..." ममताचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आई इथेच आहेत."

"काय?"

"आत्ता. मी शेजारी बसलेय त्यांच्या. लवंगेचा वास येतोय. एक दिवससुद्धा चुकल्या नाहीत त्या."

फोनमधून ममताकडच्या टीव्हीचा आवाज येत होता. तीच सीरियल. तोच संवाद.

"ताई... तुमच्याकडे कोण येतं?"

संपदाच्या हातात रिमोट होता. तिने काय विचार केला, तिलाही सांगता येत नाही. तिने टीव्ही बंद केला. सर्वपित्रीपासून सातच्या सुमाराला तो पहिल्यांदाच बंद झाला होता.

पासष्ट इंची काळी काच लख्ख आरशासारखी झाली.

सोफ्यावर तिघं बसली होती.

डोक्याला पंचा गुंडाळलेला एक म्हातारा. मांडीवर मूल घेतलेली एक बाई. एक शाळकरी मुलगी, जिच्या वेण्यांतून पाणी निथळत होतं. सोफ्यामागे आणखी माणसं उभी होती. दाटीवाटीने. पार दारापर्यंत. पाठीमागचे टाचा उंच करून बघत होते.

ओळखीचा एकही चेहरा नव्हता.

सगळे तिच्याकडे बघत होते. रागाने नाही. ऐन रंगात कोणी टीव्ही बंद केला, की माणसं बघतात ना, तसे.

संपदाने मागे वळून बघितलं नाही. ते तिला जमलंच नाही.

मग तिच्या कानाजवळ, अगदी जवळ, एक अनोळखी बाई म्हणाली,

"लाव ना गं."

तिने लावला.

दुसऱ्या दिवशी कौस्तुभने गुरुजींना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "बोलावताना नाव-गोत्र घेतलं होतं का?"

"सासूचं नाव कसं घेणार, गुरुजी?" संपदा रडत म्हणाली.

"अहो, सर्वपित्रीला बिननावाचं आमंत्रण! ज्यांना कोणीच बोलवत नाही, त्यांनी काय समजायचं?"

"मग ते आहेत तरी कोण?"

"ते मी कसं सांगू?" गुरुजी म्हणाले. त्यांनी घराची शांती करून घ्यायला सांगितलं. केली. गुरुजी मंत्र म्हणत होते तेवढा वेळ टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाला होता. ते गेल्यावर पुन्हा वाढला.

टीव्ही विकायचंही करून बघितलं. ऑनलाइन जाहिरात दिली, पूनम सागरमधलाच एक जण संध्याकाळी बघायला आला. संपदाने दार उघडलं. त्याने उंबऱ्यातूनच आत नजर टाकली आणि अवघडून म्हणाला, "मेहमान आये हैं आपके. मैं बाद में आता हूँ."

घरात संपदा एकटी होती.

तो परत आला नाही. फोनही उचलत नाही.

आजही तो टीव्ही त्याच भिंतीवर आहे. साडेसहा वाजले की लावतात. सगळे झोपले तरी चालूच ठेवतात. नवरा-बायको आणि समिधा स्वयंपाकघरात जेवतात. संध्याकाळी सातनंतर नातेवाईकांपैकी कोणी त्यांच्याकडे जात नाही.

मागच्या महिन्यात संपदाने ममताला फोन केला. पहिल्यांदाच भांडायला नाही.

"आईंना विचारशील का गं? एकदाच या म्हणावं. त्यांचं ऐकतील हे लोक. माझं कोण ऐकतंय?"

ममताने खरंच विचारलं. चंद्रावतीबाई बोलत नाहीत, फक्त लवंगेचा वास येतो. ममताने विचारलं, आणि तो वास थोडा वेळ गेला. संपदा इकडे फोन कानाला लावून वाट बघत होती. एक मिनिट. दोन मिनिटं. तिने हॉलमध्ये जाऊन खोल श्वास घेतला.

ओलसर वास. तोच.

"ताई," ममता तिकडून हळूच म्हणाली, "परत आला वास. इथेच."

संपदा दारात उभी राहून हॉलकडे बघत राहिली. दबलेल्या गाद्या. टीव्हीसमोर जमिनीवरची चटईसुद्धा आता जागोजागी दबलेली असते. एवढं घर भरलं होतं. एवढे सगळे, न ओळखताही, तिच्याकडे आले होते.

ज्यांच्यासाठी घेतला, त्या तेवढ्या आल्या नाहीत.