विकर की विकार?

"विकर घालायची वेळ झाली. डोळे उघडा," टिपूस म्हणाला आणि मिनूमावशी ताडकन उठून बसली.

"विकार? माझ्या डोळ्यांत विकार घालतोस? शर्वाणी, आधी बंद कर याला!"

टिपूस म्हणजे दवाखान्याने घरी पाठवलेला रोबो. मावशीच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर नुकताच लेसरने घालवला होता. तिला हवाई रुग्णवाहिका चालवायची होती. डोंगरातल्या वाड्यांवरून पेशंट उचलून आणायचे, तेही अंधारात. पण जखम भरताना डोळ्यांत धूसरपणा राहिला, तर प्रत्येक दिवा पसरट दिसणार. मग कसली रुग्णवाहिका न् काय! आणि ही बाई सकाळपासून एक थेंब घालू देत नव्हती.

मी बाटली उलटसुलट करून पाहिली. त्यावर ठळक अक्षरांत 'विकर' लिहिलं होतं.

"मावशी, छापताना काना राहिलाय गं," मी म्हटलं. माझ्या निबंधात बाई असे ढीगभर काने लाल शाईने घालून देतात, त्यामुळे माझी खात्रीच होती.

"बघ! म्हणजे विकारच!" मावशीने उशीत तोंड खुपसलं.

"काना राहिलेला नाही," टिपूस पूजा सांगितल्यासारखा संथ बोलू लागला. "विकर म्हणजे शरीरातली कामं झपाट्याने उरकणारं प्रथिन. तुझ्या लाळेतही विकर असतात. पोळी खूप वेळ चावली की गोड लागते ना, ती करामत त्यांचीच."

हे पटलं. "मग हा विकर डोळ्यात काय करतो?"

"कापतो."

"आई गं!" मावशी किंचाळली.

माझंही डोकं गरगरलं. जखमेवर कात्री चालवायची आणि म्हणायचं, बरं होईल! "टिपूस, नीट सांग नाहीतर खरंच बटण दाबीन हं!"

"लेसरने पारपटलाला (डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला) नवा आकार दिला. त्यासाठी वरचा पातळ थर काढावा लागला. आता कडेच्या पेशी सरकत सरकत ती उघडी जागा झाकतात. त्यांना धरायला काहीतरी हवं, म्हणून शरीर तिथे एक चिकट प्रथिन पसरतं."

"मग चांगलंच आहे की! ते कशाला कापायचं?"

"तू कधी भातखाचरात उतरली आहेस?"

"हो, काकाकडे. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे."

"चिखलात पुढचं पाऊल टाकायला आधी काय करावं लागतं?"

"मागचा पाय उपसावा लागतो," मी म्हटलं आणि थबकलेच. "अरे! म्हणजे पेशीही रुततात?"

"रुतू शकतात. विकर मागचं चिकट प्रथिन तोडतो, पेशी सुटते आणि पुढे सरकते. ते साचून राहिलं, तर तिथे वण धरू शकतो. आणि वण पारदर्शक नसतो."

"मग ओत की अख्खी बाटली!"

"अजिबात नाही. विकर जास्त झाला, तर तो चांगलं प्रथिनही कापेल. म्हणून मी आधी अश्रू तपासतो. मावशींच्या अश्रूंत तो कमी पडतोय."

मावशीने उशी बाजूला सारली आणि म्हणाली, "या लोखंड्याकडून नाही. शर्वाणी, तू घाल. तुला कळलंय ना सगळं?"

"अर्धंच," मी खरं ते सांगितलं. "विकर हेही एक प्रथिनच. मग तो स्वतःला का कापत नाही?"

टिपूसचा दिवा लुकलुकला. "कधीकधी कापतोही. बाटली थंड ठेवण्याचं तेही एक कारण."

म्हणजे आणखीनच घोळ! पण मावशी हसली. "अर्धं तर अर्धं. माझ्यापेक्षा जास्तच आहे." तिने मान मागे टाकली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा मात्र बरोबर डोळ्यात गेला.

त्यानंतर मावशीने एकही थेंब चुकवला नाही.

काही महिन्यांनी, दिवेलागणीला, आम्ही डोंगरावरच्या उड्डाणतळावर उभे होतो. मावशीचं उडवायचं शिक्षण पूर्ण झालं होतं; आज फक्त शेवटची दृष्टिचाचणी होती. डॉक्टरांनी दरीपलीकडे बोट दाखवलं. "त्या वाडीवरचा दिवा दिसतोय?"

"दिवा दिसतोय," मावशी म्हणाली. मग तिने डोळे बारीक केले. "पण डॉक्टर, दिव्याखाली एक बाई जोरजोरात पदर हलवतेय. बाजूला खाटेवर कुणीतरी निजलंय."

डॉक्टरांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि नुसतं म्हणाले, "जा."

मावशी पळतच सुटली. पाती गरगरली, रुग्णवाहिका वर उठली आणि थेट त्या वाडीकडे निघाली. मला हसू येत होतं की रडू, तेच मला कळेना.