अर्ध्या ताटाचं कोडं

कनका रोज चटणी टाकायची. कोशिंबिरीला बोटही लावायची नाही. आमटी-भाजी मात्र चाटूनपुसून फस्त!

सन २०६१. मिरजेजवळच्या पुनर्वसन केंद्राचं (आजार-अपघातानंतर माणसाला पुन्हा हिंडतंफिरतं करणारं ठिकाण) स्वयंपाकघर द्वारकामावशींच्या ताब्यात होतं. शाळा त्यांनी दोनच वर्षं पाहिली; पण त्यांच्या जवसाच्या चटणीला आजवर कुणाची नावं ठेवायची छाती झाली नव्हती. आणि सायकलवरून डोक्यावर पडून आलेली ही नऊ वर्षांची पोर चटणीकडे ढुंकूनही बघेना!

"मोठी लागून गेलीस का गं? चटणी काय चावते तुला?" मावशी कडाडल्या.

"कुठली चटणी?"

"वर तोंड करून विचारतेस?"

व्यायाम करून घेणारा यंत्रमानव सोबती तिथेच होता. "तिचं सगळंच अर्धवट, मावशी. दहा चेंडू ठेवले की पाच उचलते. दाराच्या चौकटीवर आपटते. वाचताना ओळीचे पहिले शब्द गाळते. डोळे तपासले, तर बारीक अक्षरंही वाचते. म्हणजे तिचं लक्षच नाही. शनिवारी व्यायाम बंद, मग घरी."

कनकाचे डोळे भरून आले. "मी सगळं करते हो, खरंच!"

खोटं बोलणारी पोरं मावशींनी ढिगानं पाहिली होती. ही त्यातली नव्हती. त्यांनी ताट निरखलं. उजवी बाजू लख्ख. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. पोळीसुद्धा डावीकडची उरलेली. त्यांनी ताट गर्रकन फिरवलं.

"अगंबाई! चटणी कधी वाढलीत?" म्हणत कनका तुटून पडली.

"ए डब्या," मावशी सोबतीकडे वळल्या, "हिला डावी बाजू दिसतच नाही. तू काय तपासलंस, कपाळ?"

सोबतीनं कनकाला समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायला सांगून आजूबाजूला दिवे चमकवले. उजवीकडचे तिनं सगळे सांगितले. डावीकडचा एकही नाही.

"चुकलो," सोबती म्हणाला. "मी अक्षरं मधोमध दाखवली. डोळा म्हणजे नुसता कॅमेरा. चित्र जुळतं मेंदूत. डावीकडचं चित्र मेंदूची उजवी बाजू जुळवते, आणि मार तिथेच बसलाय. त्यामुळे दोन्ही डोळ्यांचं डावं दृष्टिक्षेत्र (नजर न हलवता दिसणारा परिसर) गेलं."

"मग तिकडे अंधार दिसायला नको?"

"तुम्हाला तुमच्या पाठीमागे अंधार दिसतो?"

मावशी थबकल्या. पाठीमागे काहीच दिसत नव्हतं; अंधारसुद्धा नाही.

"तसंच. म्हणून तिला स्वतःलाही कळलं नाही."

शनिवारचं घरी जाणं रद्द झालं. व्यायाम बदलले. पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ती दिसेपर्यंत नजर मागे न्यायची, मगच ओळ वाचायची. चालताना आधी मान डावीकडे. गेलेलं क्षेत्र परत येईलच असं नाही, पण सवयीनं काम भागतं. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक मुलाचं दृष्टिक्षेत्र पहिल्याच दिवशी तपासा, असं सोबतीनं बाकीच्या केंद्रांनाही कळवलं.

चौथ्या आठवड्यात कनका एकटी चालत व्यायामाच्या खोलीत शिरली. मान डावीकडे वळवली, चौकट चुकवली आणि थांबली. डाव्या भिंतीशी, पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी तिला जीभ काढून दाखवत होती.

"तू कधी आलीस?"

"महिना झाला! रोज जीभ दाखवते, तू बघतच नाहीस. म्हटलं, भलतीच शिष्ट दिसते ही!"

कनका खुदकन हसली आणि तिनं त्याहून लांब जीभ काढली.