उताऱ्याखालचा पाचवा प्रश्न

पहिल्याच भेटीत तिला त्याचा संताप आला होता.

शिकवणीच्या जिन्याखाली त्याचं झेरॉक्सचं दुकान. आठवीच्या मुलांसाठी तिने स्वतः रचलेला उतारा त्याच्याकडे दिला, चाळीस प्रती घेतल्या आणि वर्गात जाऊन बघते तर काय, सगळ्यात वरच्या प्रतीवर पेन्सिलीने उत्तर! ‘सुताराचा स्वभाव सांगा’ या प्रश्नासमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं – ‘पहिल्या ओळीत चांगला, शेवटच्या ओळीतही तेवढाच चांगला. सपाट पात्र. मुलं झोपतील, बाई.’

मुलं खरंच पेंगली.

ती तणतणत खाली आली. “तुम्हाला कोणी विचारलं होतं?”

“प्रश्न छापलेला होता… मला वाटलं, सगळ्यांनाच विचारलाय,” तो कान पकडत म्हणाला.

तिला हसू आवरेना.

तेव्हापासून प्रत्येक उतारा आधी त्याच्या नजरेखालून जाऊ लागला. दहावीनंतर शाळा सुटलेला हा माणूस कागदांची थप्पी दोनदा ठोकून सरळ करता करता सांगायचा, “या आजीला एकदा तरी खोटं बोलू द्या… मग बघा, पोरं कशी तुटून पडतात!” आणि पडायचीच. उतारा बघून तोंड लपवणारी मुलं आता पात्रांची बाजू घेऊन हमरीतुमरीवर यायची. “कशावरून म्हणतोस? ओळ दाखव!” हे बाईंचं पालुपद तीच एकमेकांना ऐकवायची. तिला त्याचं फार कौतुक वाटे. नुसतं कौतुकच हं, असं ती स्वतःला बजावत असे.

मग एके दिवशी तो म्हणाला, “दादाने बोलावलंय. त्याच्या शहरात मी मोठं दुकान टाकतोय. वहिनीने खोलीसुद्धा बघून ठेवलीय. रविवारी निघतो.”

“छान…” म्हणत तिने प्रती उचलल्या आणि जिना चढली.

शुक्रवारचा उतारा तिने एका बैठकीत लिहिला. थप्पी दोनदा ठोकणारा, मुलांच्या फाटक्या वह्या गुपचूप चिकटवून देणारा, दादाच्या हाकेला कधी नाही न म्हणणारा एक माणूस. प्रश्न पाचवा – ‘हे पात्र सपाट की बदलणारं? शेवटी तो काय करील?’ हाताच्या सवयीने तिने कागद खाली नेऊन दिला, “चाळीस!” म्हणाली, आणि तो वाचायला लागला तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, काय करून बसले मी!

“द्या तो इकडे—”

त्याचे कान लालबुंद झाले होते. त्याने पेन्सिल उचलली, काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

‘उताऱ्यात त्याला कोणी थांबवतच नाही. उत्तर लिहायला एक ओळ कमी पडतेय.’

वर वर्गात मुलं वाट बघत होती. तिने लाल पेनाचं टोपण काढलं… आणि उताऱ्याच्या तळाशी लिहिलं – ‘वरच्या मजल्यावर एक बाई होती. त्याने जाऊ नये असं तिला वाटत होतं, कारण तिचं त्याच्यावर प्रेम होतं.’

त्याने ते तीनदा वाचलं. मग फोन लावला. “दादा… रागावू नकोस, मी येत नाहीये. इथे मला थांबवणारं कोणीतरी आहे. वहिनीला सांग, खोली राहू दे.” पलीकडून बरंच काही ऐकून घेत तो तिच्याकडे बघून हसला. “कशावरून म्हणजे? ओळ आहे ना माझ्याकडे!”

त्या एकुलत्या एका कागदाला त्याने दोनदा ठोकून सरळ केलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. चाळीस प्रती त्या दिवशी निघाल्याच नाहीत.